पिकअपची क्लच प्लेट परत परत जळते? नवीन टाकायच्या आधी जुनी प्लेट बघा

राम राम मंडळी. हे जरा लांब होणार आहे, पण ज्यांची पिकअप दर चार-सहा महिन्यांनी क्लचसाठी गॅरेजला उभी राहते त्यांनी पूर्ण वाचा. मी सोळा महिन्यांत तीन क्लच सेट टाकले आणि शेवटी दोष निघाला तो क्लचमध्ये नव्हताच.

गाडी २०१२ ची, डिझेल, पाच गिअर, हायड्रॉलिक क्लच, म्हणजे पेडलचा जोर ऑइलच्या लाइनमधून क्लचपर्यंत जातो. मी यावल तालुक्यातला. घरची केळी आणि आजूबाजूच्या शेतकऱ्यांचा माल वाहतो, यावल फैजपूर सावदा रावेर हा अंकलेश्वर-बऱ्हाणपूर रोड रोजचाच, आणि महिन्यातून दोन-तीन वेळा फर्दापूरवरून अजिंठा घाट चढून संभाजीनगर. पासिंग सव्वा टनाचं, भरतात किती ते आपल्याकडे सगळ्यांना माहिती आहे, सीझनला दोन टनाच्या खाली कोणी निघत नाही. ते बरोबर आहे असं मी म्हणत नाही, पण इथं खोटं लिहिलं तर पुढच्या कशाचाच उपयोग नाही.

पहिला, गाडीबरोबर आलेला क्लच ९४ हजार किलोमीटर गेला. दुसरा ६१ हजार. आपल्या लोडला आणि आपल्या रस्त्याला हे ठीकच म्हणायचं. तिसरा मात्र १४ हजारात गेला. चौथा ८ हजारात. पाचवा ५ हजार पण नीट नाही गेला. दरवेळी सेट आणि मजुरी धरून अकरा-बारा हजार, वर गाडी दोन दिवस उभी, आणि केळी कापून बांधावर पडलेली असली की ती तुमच्या क्लचसाठी थांबत नाही, दुसऱ्याची गाडी भाड्याने लावावी लागते तो खर्च वेगळाच.

लक्षण काय होतं ते नीट सांगतो, कारण सगळी गोम त्यातच होती आणि मला ती दिसत नव्हती. सकाळी सहाला गाडी काढली की एकदम ठणठणीत, भरलेली असली तरी पिकअप जोरात घ्यायची. अकरा-बारा वाजले, चाळीस-पन्नास किलोमीटर झाले की चौथ्या गिअरला रेस द्यावी तर इंजिन ओरडायचं आणि गाडी तशीच, आरपीएम वर जायचा स्पीड नाही वाढायचा. मग जळका वास. मग झाडाखाली उभी करायची, अर्धा-पाऊण तास थांबायचं, परत चालू केली की परत चांगली. हिवाळ्यात हे जवळजवळ बंदच व्हायचं, मार्चनंतर चालू, आणि मे महिन्यात तर विचारूच नका, ४४-४५ डिग्रीत रोजचंच.

गॅरेजला सांगितलं की उत्तर एकच, प्लेट गेली. खोलली की खरंच जळलेली निघायची, त्यामुळे मला पण वाटायचं की बरोबर आहे. एकदा सांगितलं डुप्लिकेट प्लेट आली असेल, मग ओरिजनल टाकली. मग सांगितलं ड्रायव्हर हाफ क्लचवर, म्हणजे पेडल अर्धवट दाबून चालवतो. गाडी माझा धाकटा भाऊ चालवतो, त्याला मी चार लोकांसमोर बोललो. तो काही बोलला नाही, पण दोन दिवस गाडीवर आला नाही. आज ते आठवलं की वाईट वाटतं, कारण त्याची चूक त्यात अगदी थोडी होती.

शेवटी भुसावळकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीकडे गेलो, लोक त्यांना अण्णा म्हणतात. मी सगळं पुराण सांगितलं. त्यांनी गाडीकडे बघितलंच नाही, पहिला प्रश्न केला, "जुनी प्लेट कोठे शे भो?" मी म्हटलं दोन तर भंगारमा गयात, शेवटची मागे हौद्यात पडेल असेल. ती काढून दिली. त्यांनी ती उन्हात धरून दोन्ही बाजूंनी बघितली, नखाने खरवडली, वास घेतला, मग क्लच प्लेटला दाबून धरणारी प्रेशर प्लेट मागितली आणि तिच्या मधल्या बोटांवरून अंगठा फिरवला. आणि मग दुसरा प्रश्न, "हाई सुरू व्हवाना आधी गाडीनं आखो काय काम करं व्हतं?" म्हणजे हे सुरू व्हायच्या आधी गाडीचं अजून काय काम केलं होतं.

मला आठवायला वेळ लागला. तिसरा क्लच टाकायच्या आठ-दहा दिवस आधी क्लचचा वरचा मास्टर सिलिंडर बदलला होता, पेडलजवळून ऑइल गळत होतं म्हणून. आणि नवीन बसवल्यावर भाऊ म्हणाला होता की पेडल फार खाली धरतं, तर गॅरेजवाल्या पोराने पेडलच्या मागच्या पुशरॉडचा नट फिरवून क्लच वर घेऊन दिला. पाच मिनिटांचं काम, पैसे पण नाही घेतले. मी तर विसरूनच गेलो होतो.

आता अण्णांनी जे समजावलं ते माझ्या शब्दात. मास्टर सिलिंडरच्या आत पिस्टन असतो, आणि वरच्या बाटलीतून सिलिंडरमध्ये उतरणारं एक बारीक भोक असतं. पाय पेडलवरून काढला की पिस्टन पूर्ण मागे यायला पाहिजे, तेव्हाच ते भोक उघडं होतं. लाइनमधलं ऑइल गरम होऊन फुगलं तर त्या भोकातून बाटलीत परत जातं. म्हणून पुशरॉड आणि पिस्टन यांच्यात थोडी ढील ठेवावीच लागते. ती ढील नसली, पुशरॉड ताणून बसवला, तर पिस्टन एक-दोन मिलीमीटर पुढेच राहतो आणि भोक कायम बंद. सकाळी ऑइल थंड असतं तोपर्यंत काही कळत नाही. इंजिन तापलं, सायलेन्सरचा पाइप तापला, वरून आपलं मे महिन्याचं ऊन, की लाइनमधलं ऑइल फुगतं, त्याला परत जायला वाट नाही, मग ते खालच्या सिलिंडरला ढकलतं, तो क्लच सोडवणाऱ्या फोर्कला ढकलतो, आणि कोणी पाय न ठेवता क्लच थोडासा दाबलेला राहतो. प्लेट पूर्ण पकडत नाही, घासते, घासली की अजून तापते. अर्धा तास थांबलं की ऑइल आखडतं आणि क्लच परत धरतो. माझी गाडी नेमकं हेच करून राहिली होती आणि आम्ही प्लेटा बदलून राहिलो होतो.

मी म्हटलं हे खरं कशावरून. ते म्हणाले आत्ता नाही दाखवता येणार, आत्ता गाडी थंड आहे. त्यांनी मला एक रिंग पाना आणि एक पारदर्शक नळी दिली आणि सांगितलं, स्लिप व्हायला लागली की तिथंच उभी कर, बंद कर, खाली घुसून क्लचच्या खालच्या सिलिंडरचं हवा काढायचं निप्पल हळूच अर्धा आटा सैल कर. पेडलला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सावद्याच्या अलीकडे, दुपारी दोनच्या सुमारास झाली स्लिप. लिंबाखाली घेतली, हँडब्रेक लावला, चाकाला दगड लावले, गोणपाट टाकून खाली गेलो. सायलेन्सर पेटलेला, तोंडावर आग. निप्पलला पाना लावून जरासा फिरवला आणि नळीतून ऑइलची पिचकारी आली, काळपट चहासारखी, जोरात, आणि मग थेंब थेंब. पेडलवर कोणाचा पाय नाही, गाडी बंद, आणि लाइनमध्ये एवढं प्रेशर. निप्पल लगेच बंद केलं, बाटलीत ऑइल बघितलं, गाडी चालू केली आणि तीच भरलेली गाडी चौथ्या गिअरला खेचत निघाली, एक मिनिट पण न थांबता. भाऊ बाजूला बसला होता, तो माझ्याकडे बघत होता आणि मी रस्त्याकडे.

हे करताना एक सांभाळा, ते ऑइल गरम असतं आणि डोळ्यात गेलं तर फार त्रास, म्हणून नळी लावल्याशिवाय निप्पल सैल करायचं नाही आणि तोंड लांब ठेवायचं. रंगावर पडलं तर रंग पण खातं, पाण्याने धुवून टाका. आणि आटा जास्त सोडला तर हवा शिरते, मग ब्लीड करत, म्हणजे हवा काढत बसावं लागेल.

पुढचं काम छोटं. पुशरॉड मागे घेतला, एवढा की पेडल बोटाने दाबलं तर सुरुवातीला थोडं मोकळं हलतं आणि मग जड लागतं. किती मोकळं पाहिजे ते गाडीगणिक वेगळं आहे, हँडबुकात दिलेलं असतं, ते बघून करा. शून्य तर कधीच नको. पेडल फार खाली धरतं अशी तक्रार असेल तर आधी हवा काढा, सिलिंडरच्या रबराचं किट बघा, फोर्क झिजलाय का बघा, पुशरॉड ताणून तक्रार मिटवू नका. सगळं ऑइल पण बदललं, बाटलीवर जो ग्रेड लिहिलाय तोच, डॉट-३ किंवा डॉट-४. काही लोक क्लचच्या बाटलीत हाताला येईल ते ऑइल टाकतात, इंजिन ऑइल सुद्धा टाकलेलं मी बघितलंय, त्याने आतले रबर फुगतात आणि पुशरॉड बरोबर असला तरी परत हीच बिमारी, भोक बंद. जुना रबरी होज आतून फुगला तरी तेच, ऑइल जातं पण परत येत नाही. म्हणजे निप्पलमधून पिचकारी आली तर पुशरॉड, रबर, होज या तिघांपैकी एक. पिचकारी आलीच नाही तर लाइन सोडा, मग दोष बेल हाउसिंगच्या, म्हणजे क्लचवरच्या कवचाच्या आत आहे आणि तेव्हा जुनी प्लेट कामाला येते.

अण्णांच्या शेडमध्ये भिंतीला खिळ्यांवर जुन्या प्लेटा टांगलेल्या आहेत, प्रत्येकीवर खडूने गाडीचा नंबर. मला त्यांनी एक-एक उतरवून दाखवलं. माझी होती तशी, म्हणजे कोरडी, दोन्ही बाजू सारख्या जळालेल्या, काळ्या, आणि प्रेशर प्लेटची बोटं टोकाला घासून चकचकीत झालेली, तर क्लच पूर्ण धरत नाही किंवा कोणीतरी पेडलवर पाय ठेवून गाडी चालवतो. दुसरी एक होती तेलकट, वरून काचेसारखी चमक आलेली. तिला पुसून नवीन प्लेट टाकली तर ती पण महिनाभरात तशीच होणार, कारण ऑइल कुठून येतं ते बंदच नाही केलं. फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनच्या ज्या जड चाकावर प्लेट घट्ट बसते त्याच्या बाजूने ऑइल असलं आणि काळं असलं तर क्रँकचा मागचा सील गेला. गिअर बॉक्सच्या बाजूने असलं आणि त्याला तो सडका उग्र वास असला, गिअर ऑइलचा वास एकदा घेतला की माणूस विसरत नाही, तर इनपुट शाफ्टचा सील. गिअर बॉक्स उतरवलेला असतानाच दोन्ही सील टाकून घ्या, सीलचे पैसे किरकोळ आणि मजुरी परत देण्यापेक्षा परवडतं. अजून एक प्लेट होती तिचं लायनिंग भरपूर शिल्लक, पण मधल्या स्प्रिंगा सैल आणि दाते झिजलेले, ती गाडी उठताना थरथरायची. तिथं पायलट बेअरिंग खराब होतं.

आणि फ्लायव्हील. हा भाग कोणी ऐकत नाही म्हणून मुद्दाम लिहितो. माझ्या फ्लायव्हीलवर निळे डाग पडले होते, हाताने पण चढ-उतार लागत होता, बारीक केसासारख्या चिरा. तीन वेळा त्याच्यावरच नवीन प्लेट बसवली गेली. खरबरीत पाट्यावर नवीन वरवंटा आणला तर काय होणार. लेथवर देऊन फेस मारून घेतला. एक दिवस लागतो आणि त्या दिवसाला लोक कंटाळतात. चिरा खोल असल्या किंवा आधीच खूप कापलेलं असलं तर मात्र बदलावंच लागतं, तिथं काटकसर नको, फ्लायव्हील फुटलं तर पाय जायची वेळ येते.

आता भावाच्या थोड्या चुकीचं. केळीचा मळा ठिबकने बारा महिने ओला, वरून आपली काळी माती. घड भरायचे म्हणून गाडी बांधापर्यंत रिव्हर्समध्ये घालायची, आणि भरल्यावर ती चिखलातून हाफ क्लचवर ओढून काढायची, कधी कधी दहा-दहा मिनिटं. रस्त्यावर शंभर किलोमीटर चालून प्लेट जेवढी झिजत नाही तेवढी त्या दहा मिनिटांत जाते. यावर मोठं तंत्र काही नाही. आम्ही बांधाजवळ मुरमाची एक ट्रॉली टाकून घेतली, आणि जिथं तेही जमत नाही तिथं माल ट्रॅक्टरने डांबरीपर्यंत आणतो आणि पिकअप रस्त्यावरच भरतो. शेतकऱ्याला पहिल्यांदा सांगितलं तेव्हा त्याने तोंड वाकडं केलं, आता तोच म्हणतो बांध तुटत नाही, बरं झालं. दुसरं, घाटात पुढची गाडी थांबली की क्लच-रेसवर गाडी तोलून धरायची सवय. हँडब्रेक कशासाठी दिलाय. भावाने ती सवय आठ दिवसांत मोडली, मला जास्त वेळ लागला.

क्लच बरोबर आहे का ते घरी बघायचं तर मोकळ्या जागी, चाकाला दगड लावून, हँडब्रेक ओढून, चौथा गिअर टाका आणि थोडी रेस देऊन क्लच हळू सोडा. इंजिन लगेच बंद पडलं तर क्लच धरतो. चालूच राहिलं तर स्लिप आहे. गाडी तापलेली असताना करा, थंड गाडीवर माझ्यासारखं फसाल, आणि एकदाच करा, दहा वेळा करून बघितलं तर त्यातच प्लेट जाईल. आवाजाचं पण सोपं आहे, न्यूट्रलला उभी असताना पेडल दाबल्यावर आवाज येतो तर रिलीज बेअरिंग, आणि पेडल दाबल्यावर आवाज जातो, सोडला की येतो, तर गिअर बॉक्सचं इनपुट बेअरिंग.

गिअर बॉक्सबद्दल मला फार बोलायचं नाही, कारण ऑइल वेळेवर बदललं तर या जुन्या डिझेल पिकअपचे बॉक्स क्लचपेक्षा कितीतरी जास्त चालतात. माझा २ लाख २० हजाराच्या आसपास आहे, अजून खोलला नाही. फक्त ऑइल काढाल तेव्हा ड्रेन नटचं चुंबक बघा. राखाडी मलमासारखं काही असेल तर चालतं, कीस किंवा तुकडे असतील तर नाही. ऑइलमध्ये सोनेरी झाक दिसली तर सिंक्रोच्या, म्हणजे गिअर अलगद पाडणाऱ्या पितळी रिंगा झिजायला लागल्यात. म्हणूनच ऑइल टाकताना जीएल-४ सांगितलंय की जीएल-५ ते हँडबुकात बघा, दुकानदार दोन्ही एकच म्हणून देतात, पण जीएल-५ मधली काही रसायनं पितळाला मानवत नाहीत. आणि पावसाळ्यात भरल्या नाल्यातून गाडी घातली असेल तर ऑइल दुधासारखं झालंय का तेही बघा, ब्रीदरमधून, म्हणजे बॉक्सच्या हवेच्या भोकातून पाणी शिरतं.

माझा मामेभाऊ मस्कतला आहे, त्याच्याकडे २००५ ची ऑटोमॅटिक पिकअप आहे, तो नेहमी विचारतो की ऑटोमॅटिक बॉक्स किती चालतो. त्याला मी तेच सांगितलं जे इथं लागू आहे, आकडा विचारू नको, उष्णता विचार. तिथं प्लेट आपल्यासारखी एकटी नसते, बॉक्सच्या आत ऑइलमध्ये बुडालेले क्लचचे पॅक असतात, आणि इंजिनचा जोर टॉर्क कन्व्हर्टरमधून ऑइलनेच पुढे जातो. चढावर, भरलेल्या गाडीला, हळू चालताना तो कन्व्हर्टर ऑइल घुसळत राहतो आणि ऑइल तापतं. जास्त तापलं की ऑइल जळतं, रबरी सील कडक होतात, प्रेशर कमी पडतं, पॅक स्लिप होतात, आणि स्लिप झाले की परत उष्णता. म्हणजे माझ्याच गाडीची गोष्ट, फक्त आत लपलेली. तिथं प्लेट बघता येत नाही म्हणून ऑइलच बघायचं. डिपस्टिक असेल तर पांढऱ्या कापडावर थेंब घ्या. लालसर स्वच्छ असेल तर बरं, तपकिरी आणि करपलेला वास असेल तर उशीर झालाय, गुलाबी दुधासारखं असेल तर रेडिएटरमधल्या कूलरमधून पाणी शिरलंय आणि गाडी चालवायचीच नाही. 'आयुष्यभराचं ऑइल' असं कोणी सांगितलं तरी जुन्या गाडीला, लोड ओढणाऱ्या गाडीला ते धरून बसू नका. ट्रेलर ओढत असाल तर वेगळा ऑइल कूलर लावून घ्या. त्याने लावलाय, आणि ऑइल-फिल्टर बदलल्यापासून दुसऱ्यावरून तिसऱ्यात पडताना येणारा झटका कमी झालाय म्हणतो.

माझ्या गाडीचं सांगायचं तर सहावा क्लच आता ३८ हजारावर आहे. पेडलला वरची ढील आहे, दर पंधरा दिवसांनी भाऊ बोटाने दाबून बघतो. मागच्या मे महिन्यात भरलेली गाडी भर दुपारी अजिंठा घाट चढली, भाऊ चालवत होता, मी बाजूला. वर पोचल्यावर त्याने आपण होऊन गाडी बाजूला घेतली, खाली वाकून बेल हाउसिंगजवळ वास घेतला, काहीच नाही म्हणाला आणि परत येऊन बसला. अण्णांचा तो रिंग पाना परत द्यायला गेलो तर त्यांनी घेतला नाही. सीटखाली नळीसोबत गुंडाळून ठेवलाय, आणि पाचव्या क्लचची ती जळालेली प्लेट आमच्या गोठ्याच्या भिंतीला खिळ्यावर टांगली आहे, खडूने तारीख टाकून.